बॅटरी वीस टक्क्यांवर येईपर्यंत

ठकी मान खाली घालून दात रंगवत बसली होती. भट्टीची पहिली फेरी सुरू झाली, म्हणून तिने डाव्या हाताने फोन उघडला, तर फोनने तिला एक भलताच प्रश्न विचारला.

‘दुसऱ्या उपकरणावर तुम्ही पान २१२ वर आहात. तिथे जायचं का?’

ठकी बुचकळ्यात पडली. ती तर एकशे चाळिसाव्या पानावर होती.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी मावशीने लाडाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती चांगली सव्वीस वर्षांची होती आणि दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांनी तोंडाचा साचा पाठवायचा आणि ठकीने त्यावरून दात घडवायचा. बारीक कुंचल्याने चिनी मातीची भुकटी थरावर थर चढवायची, मग दात भट्टीत. भट्टीची एक फेरी अठरा मिनिटांची. त्या अठरा मिनिटांत ठकी फोनवर पुस्तक वाचायची, डाव्या अंगठ्याने पानं सरकवत. दिवसाला आठ-दहा फेऱ्या, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

पुस्तकं मावशीच्या खात्यातली. मावशी आणि ठकी एकाच घरात राहायच्या आणि एकाच खात्यावर वाचायच्या. ठकी फोनवर, मावशी रीडरवर; एका यंत्रावरची खूण दुसऱ्यावरही आपोआप उमटायची. रीडर म्हणजे ते पुस्तकं वाचण्यापुरतंच केलेलं पाटीएवढं यंत्र. मावशीचे डोळे अधू झाले होते, त्यामुळे ती अक्षरं इतकी मोठी करायची की पाच-सहा शब्दांतच पान भरायचं. फोनवरची अक्षरं तिला मुंग्यांची रांग वाटायची.

पण मावशीचा रीडर तर बंद पडला होता. आठ दिवसांपूर्वी ठकीनेच तो बॅटरी बदलायला दुरुस्तीच्या दुकानात टाकला होता.

मग बंद पडलेल्या यंत्रावर बहात्तर पानं वाचली कुणी?

जेवणाच्या सुट्टीत ठकी डबा न उघडताच तडक दुकानात गेली. काउंटरवर जाडजूड मिशांचे मालक बसले होते.

“तुमच्याकडे आल्यापासून आमच्या रीडरची पानं आपोआप उलटतायत,” ठकी म्हणाली.

“आपोआप कशी उलटतील? आमचा भाचा उलटतोय.”

“भाचा?”

“तोच कारागीर आहे आमचा. आता बघा, नवी बॅटरी बसवली की ती शंभरावरून वीस टक्क्यांवर आणून बघायची, त्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. हा आपला नियम. फोन असेल तर संध्याकाळपर्यंत काम फत्ते. पण हे तुमचं यंत्र महा चिवट. उतरता उतरत नाही. दिवा पूर्ण लावून, वायफाय चालू ठेवून पानं उलटत बसावं लागतं. दुसरा कुणी नुसतं बोट मारत बसला असता. आमचा शहाणा वाचत बसतो.”

तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि शहाणा बाहेर आला. विस्कटलेले केस, कपाळावर चढवलेलं भिंग, तोंडावर मास्क आणि हातात... मावशीचा रीडर. ठकीला बघून तो जागीच थबकला. मास्कच्या वरचे त्याचे डोळे आधी गोंधळले, मग शरमले, आणि मग, खोटं कशाला सांगा, चक्क चमकले. पुढच्या क्षणी मास्क हाताने आणखी वर ओढून तो आल्या पावली पडद्यामागे गेला.

“हल्ली असाच करतो,” मालक म्हणाले. “माणसांत म्हणून येत नाही.”

“त्यांना सांगा,” ठकी जरा मोठ्यानेच म्हणाली, “वाचायचं तर वाचा. पण माझ्या पुढे जाऊ नका. पुस्तक आमचं आहे.”

पडद्यामागे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला ठकीने पुस्तक उघडलं. रहस्यकथा होती, चांगली जाडजूड. समुद्रकाठच्या बंद पडलेल्या हॉटेलातून एक पियानोवादक नाहीसा होतो, मग त्याचं प्रेत सापडतं, आणि हॉटेलातल्या सगळ्यांवर संशय येतो. पान उलटलं तर एका ओळीखाली रेघ मारलेली, आणि रेघेला जोडलेलं टिपण.

‘चूक झाली. तुम्ही २१२ वर येईपर्यंत मी थांबतो. — मागची खोली.’

ठकीचे कान गरम झाले. बाजूला भट्टी होती हे खरं, पण ती रोजच असायची. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि टाइप केलं, ‘नुसते थांबून बॅटरी कशी उतरणार?’

पुढच्या फेरीला उत्तर हजर. ‘तुमच्या मागोमाग येतो. तुम्ही वाचलेलं पुन्हा वाचतो. चालेल?’

‘चालेल. पण खून कुणी केला ते कळलं असेल तर सांगायचं नाही.’

‘कळलंय. आचाऱ्याने केला.’

‘सांगू नका म्हटलं ना! आणि आचाऱ्याने मुळीच केलेला नाही. बहिणीने केलाय.’

‘पैज?’

‘पैज. हरेल त्याने जिंकणाऱ्याचं एक ऐकायचं.’

झालं. तिथून जे सुरू झालं ते काही थांबायचं नाव घेईना. रोज सकाळी ठकी लॅबमध्ये शिरायची आणि पहिला दात भट्टीत जायची वाट बघायची. पूर्वी तिला पुढे काय होतं याची उत्सुकता असायची. आता पुस्तकात खून झाला काय, पूर आला काय, तिची नजर नुसती रेघा शोधायची.

त्याला फोनवर वाचण्याचा मनस्वी राग होता. ‘एवढ्याशा काचेवर एवढं मोठं पुस्तक? दाराच्या फटीतून नाटक बघता तुम्ही.’

‘फटीतून का होईना, रोज बघते. तुमचा रीडर पर्समध्ये मावत नाही, एका हातात धरवत नाही. माझ्या उजव्या हाताला दिवसभर भुकटी असते.’

‘पण फोनवर मध्येच कुणाचा तरी निरोप येतो. रीडरवर कुणी त्रास देत नाही.’

‘मग तुम्ही काय करताय?’

मग दोन पानं सोडून एक रेघ सापडली. ‘त्रास होतोय का?’

ठकीने हो लिहिलं, पुसलं. नाही लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, ‘पुढचं पान उलटा.’ आणि स्वतःशीच इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या सहकारणीने विचारलं, “दातात एवढं काय हसण्यासारखं आहे गं?”

पाचव्या दिवशी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कुणी आधी म्हटलं ते दोघांनाही नंतर आठवेना. ठकीला आता त्याच्याबद्दल बरंच ठाऊक झालं होतं. तो शिट्टीवर गाणी वाजवायचा, पण हल्ली वाजवत नव्हता. कारण सांगत नव्हता. घड्याळापासून मिक्सरपर्यंत काहीही उघडून बसायचा. आणि पुस्तकात कुणी रडलं की हटकून लिहायचा, ‘इथे मी जरा बाहेर जाऊन आलो.’ असा माणूस. आता ठकी त्याच्या प्रेमात पडली यात तिचा तरी काय दोष?

पडली होती, अगदी आपटली होती. आणि इथेच सगळी पंचाईत होती.

घरी मावशी रोज विचारायची, “ठके, माझं यंत्र आलं का गं?”

“नाही गं. बॅटरी उतरत नाहीये.”

“बॅटरी उतरत नाही ही तक्रार मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय.” मावशी भिंग घेऊन वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचायची आणि उसासा टाकायची. एकदाही ठकीने दुकानात फोन करून “लवकर द्या हो” म्हटलं नव्हतं.

आणि शनिवारी सकाळी मावशी चालली होती मुलीकडे. मुलीचं बाळंतपण होतं, मुक्काम तीन महिन्यांचा. रीडर सोबत हवाच, त्याशिवाय मावशी घराबाहेर पाऊल टाकणार नव्हती. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रीडर घरी आणायचा, आणि मागच्या खोलीचा दरवाजा कायमचा बंद. दुकानात नुसतंच जाऊन उभं राहायचं म्हटलं तर कारण काय सांगायचं? मालकांच्या मिशांसमोर “तुमच्या भाच्याला बघायला आले” असं थोडंच म्हणता येतं?

बुधवारी ठकीने धीर केला. पुस्तकाचं एकच प्रकरण उरलं होतं. तिने एका ओळीखाली रेघ मारली आणि लिहिलं, ‘शेवटचं प्रकरण एकत्र वाचू या का? समोरासमोर. शनिवारी रीडर जाणार.’

एक फेरी झाली, उत्तर नाही. दुसरी झाली, नाही. तिसऱ्या फेरीला आलं.

‘आत्ता नको.’

बस, एवढंच. ठकीने फोन पालथा घातला. शहाणी समजत होतीस ना स्वतःला, ती मनात म्हणाली, रेघांवर भाळलीस. आता नंबर मागायचा तर भेटायला ‘नको’ म्हणणाऱ्याचा नंबर कोण मागतं? तिने समोरचं काम ओढलं. एकतीस नंबरचा रुग्ण, वरचा पुढचा डावा दात. हा दात म्हणजे तिच्या डोक्याला ताप झाला होता. पहिल्या खेपेला ‘पैज?’ वाचता वाचता तिने भलत्याच बाटलीतली भुकटी घेतली आणि दात पिवळट निघाला. दुसऱ्या खेपेला ‘त्रास होतोय का?’ वाचायच्या घाईत गरम दात थंड फरशीवर ठेवला आणि तो तडकला. दोनदा तारीख दिली, दोनदा चुकली. असं आठ वर्षांत तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

चौथ्या फेरीला तिने फोन पाहायचा नाही असं ठरवलं होतं. पाहिला.

‘रागावलीस ना. खरं सांगतो, हसू नकोस. तुझ्या मावशीच्या रीडरचं मागचं झाकण डिंकाने चिकटवलेलं असतं. दोन्ही हात गुंतले होते म्हणून उघडायची पट्टी दातात धरून ओढली. झाकण निघालं. त्याबरोबर माझा पुढचा दातही निघाला. तेव्हापासून मास्क लावून फिरतोय. शिट्टी वाजत नाही, “शनिवार” म्हणताना वारा सुटतो. अशा तोंडाने तुझ्यासमोर येऊ? दात बसला की त्याच दिवशी येतो. पण दात घडवणारी बाई कोण आहे कोण जाणे, महा आळशी दिसते. दोनदा तारीख देऊन दोनदा चुकवली. ती बाई मला भेटू दे, मग बघतो.’

ठकीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूहळू मान वळवून टेबलावरच्या साच्याकडे पाहिलं. पांढराशुभ्र साचा तोंड वासून तिच्याकडे बघत होता, मधोमध खिंडार. तिने साच्याखालचा कागद उचलला. साचा पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला होता, ‘कारागीर आहे. दातात अवजार धरण्याची सवय. मजबूत करणे.’

“अगं बाई,” ठकी म्हणाली.

आठ दिवस त्याचं तोंड तिच्या टेबलावर होतं. त्याचा प्रत्येक दात तिला पाठ होता. उजवीकडचा सुळा किंचित तिरका, तो तिला साचा आल्या दिवशीच आवडून गेला होता, या माणसाचं हसू छान असणार असं तिने सहकारणीला म्हटलंही होतं. आणि ज्या दातासाठी तो थांबला होता, तो दात तीच लांबवत होती, त्याचीच टिपणं वाचता वाचता.

तिने त्याला काहीच कळवलं नाही. फक्त एवढंच लिहिलं, ‘त्या बाईवर विश्वास ठेव.’ मग फोन खणात टाकला, खण लावला आणि बाह्या सरसावल्या.

गुरुवारचा अख्खा दिवस तिने पुस्तक उघडलं नाही. भुकटीचे सात थर चढवले, मागची बाजू जाड ठेवली, कडेला पारदर्शक थर असा दिला की नजर लागावी. अठरा मिनिटं भट्टीसमोर नुसती उभी राहायची, हाताची घडी घालून. दात निघाला तो असा की सहकारीण म्हणाली, “हा दात आहे की मोती?” एकच गोष्ट उरली होती, रंगाचा शेवटचा हात. तो रुग्णाच्या इतर दातांशी जुळवावा लागतो, आणि तेही खिडकीच्या उजेडात, दिव्याखाली नाही. ठकीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “एकतीस नंबरला उद्या दुपारी बोलवा. रंग बघायला मी स्वतः येते.”

शुक्रवारी दुपारी नेमकं आभाळ भरून आलं. दवाखान्याच्या मोठ्या खिडकीवर पावसाची रिपरिप सुरू झाली आणि खोलीत राखाडी अंधार पसरला. खुर्चीत तो बसला होता. मास्क मांडीवर, तोंडावर हात, पायाशी पिशवी. ठकीच्या डोक्याला टोपी होती, तोंडावर मास्क, त्यामुळे त्याने तिला ओळखलं नाही. ठकीला मात्र आपल्या छातीतले ठोके डॉक्टरीणबाईंना ऐकू जातील अशी भीती वाटत होती.

“उजेड येईपर्यंत थांबावं लागेल,” ती म्हणाली. आवाज थोडा चिरकलाच. “रंग कळत नाही अशा हवेत.”

“म्हणजे पुन्हा तारीख?” तो हाताआडून म्हणाला.

“तारीख नाही. ढग जाईपर्यंत.”

“मला आज संध्याकाळच्या आत एका ठिकाणी जायचंय. एक यंत्र पोचवायचं आहे. आणि...” तो अडखळला. “आणि तोंड दाखवायचं आहे.”

“कुणाला?”

“तुम्हाला काय करायचंय? तुम्ही वेळेवर दात दिला असता तर एव्हाना दाखवून झालं असतं.”

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या आणि कागद शोधायला म्हणून बाहेर गेल्या. ठकीने रंगांच्या नमुन्यांची पट्टी हातात घेतली.

“हात काढा. हसा बघू.”

“कशावर हसू?”

ठकीने खोल श्वास घेतला. “आचाऱ्याने खून केला म्हणणाऱ्या एका शहाण्यावर.”

तो हसला नाही. मग हात हळूहळू तोंडावरून खाली आला, आणि तो तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. त्या दिवशी दुकानात तिने जसं मास्कच्या वर पाहिलं होतं, तसंच.

“तू...” तो म्हणाला.

“मी. महा आळशी बाई. भेटू दे, मग बघतो म्हणाला होतास. बघ.” तिने मास्क खाली ओढला. “पहिला दात तुझ्या पैजेने बिघडला, दुसरा तुझ्या ‘त्रास होतोय का’ने तडकला. तिसरा नीट केलाय, कारण काल दिवसभर मी तुझं एक अक्षर वाचलं नाही. फार जड गेलं मला ते.”

आणि तो हसला. तोंड उघडून, खिंडारासकट, तिरक्या सुळ्यासकट, मोकळा हसला. नेमका तेव्हाच ढग सरकला आणि खिडकीतून स्वच्छ पांढरा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. ठकीचं भान हरपलं, पण आठ वर्षांची सवय कुठे जाते? तिने चटकन पट्टी त्याच्या दातांशी धरली.

“हलू नकोस. सापडला रंग.”

“मलाही एक कबूल करायचंय,” तो पट्टीच्या मागून बोलला. “बॅटरी सहा दिवसांपूर्वीच वीसवर आली होती. मी रोज सकाळी परत भरत होतो. मामाला सांगितलं, यंत्र चिवट आहे.”

“माझी मावशी तिकडे भिंगाने वर्तमानपत्र वाचतेय.”

“त्यांची माफी मागेन. तुझीही मागतो. पण ठके...” हे नाव त्याला टिपणांतून कळलं होतं, तोंडाने तो आज प्रथमच घेत होता. “मला तू फार आवडतेस. दात नसताना सांगतोय म्हणून खोटं समजू नकोस.”

“मला तर तू दात बघायच्या आधीपासून आवडतोस,” ठकी म्हणाली. “आणि दात मीच घडवलाय, त्यामुळे आता तक्रारीला जागाच नाही.”

दारातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “रंग जुळला का?”

“जुळला,” दोघं एकदम म्हणाली.

संध्याकाळी दात बसला, आणि त्याच्या पिशवीतला रीडर ठकीने घरी आणून मावशीच्या हातात दिला. मावशीने आधी त्याला पदराने पुसलं, मग अक्षरं मोठी केली, आणि वाचत बसली. ठकी बॅग भरता भरता चोरून बघत होती. टिपणं पुसायची राहून गेली होती हे तिला आत्ता आठवलं होतं. आणि मावशीच्या पानावर ती केवढाल्या अक्षरांत दिसत असतील या कल्पनेने तिने तोंड कपाटात खुपसलं.

“ठके,” मावशी म्हणाली, “ही मागची खोली करते काय?”

“दुरुस्ती करते.”

“हं.” मावशीने पान उलटलं. “आणि रडू आलं की बाहेर जाऊन येते.” आणखी एक पान. “बरी दिसतेय खोली.” त्यानंतर मावशीने चष्मा काढला, डोळे पुसले आणि झोपायची वेळ झाली म्हणून दिवा घालवायला सांगितलं. रीडर मात्र उशाशीच ठेवला.

शनिवारी मावशी गेली. रविवारी सकाळी नदीकाठच्या बागेत, ओल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून, ठकी आणि मागची खोली शेवटचं प्रकरण वाचायला बसली. रीडर मावशीबरोबर गेलेला, म्हणजे उरला तो ठकीचा फोन. एवढीशी काच. दोघांना एकदम दिसावं म्हणून डोकं डोक्याला टेकवावं लागत होतं, आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला.

“फटीतून नाटक,” ठकी म्हणाली.

“माझं मत बदललंय. फट उत्तम आहे.” नवा दात उन्हात झळकला. “रीडरवर एवढं जवळ बसावं लागलं नसतं.”

“पैज हरलास असं समजू का मग?”

“आधी खुनी तर कळू दे.”

तिने पुस्तक उघडलं. पानाऐवजी फोनवर प्रश्न आला.

‘दुसऱ्या उपकरणावर तुम्ही शेवटच्या पानावर आहात. तिथे जायचं का?’

दोघं बघत राहिली. खाली एक नवं टिपण होतं. मावशीने जन्मात पहिलंच टिपण लिहिलं होतं, बहुधा एकेक अक्षर शोधत, गाडीत बसल्या बसल्या.

‘मी पुढे जाऊन बघून आले. शेवट चांगला आहे. घाबरू नका, सावकाश या.’

ठकीचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “मी जरा बाहेर जाऊन येऊ का?”

“बाहेरच बसलोय आपण,” ठकी म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला.

“मग? जायचं शेवटच्या पानावर?”

ठकीने अंगठ्याने ‘नको’ दाबलं. मग दोघांनी होतं तिथूनच वाचायला सुरुवात केली.